लिउसाहेबांनी ओतलेला चहा

मित्रांनो, मी एक जुनी चहादाणी आहे. फुलाफुलांची नाजूक चिनीमातीची नव्हे हं! जाड, तपकिरी आणि ढेरपोटी. वीस पेले चहा माझ्या पोटात सहज मावायचा. आता मी हाँगकाँगच्या एका क्लबात काचेच्या कपाटात बसून असते. माझ्या पुढ्यात एक पाटी उभी आहे. तिची नुसती पाठ मला दिसते, त्यामुळे तिच्यावर काय लिहिलंय ते मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं.

मागच्या आठवड्यात शाळेची मुलं आली आणि त्यांच्या बाईंनी ती पाटी मोठ्यानं वाचली. ऐकून मी जी हादरले, ती अजून सावरलेली नाही. त्या पाटीवर एका माणसाचं नाव हवं होतं. ते नाही. ते का हवं, हे सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

माझा जन्म नदीकाठच्या शेकवान गावचा, कुंभारांच्या भट्टीतला. तिथून होडीत बसून मी या बंदरात आले आणि एका विधवा बाईनं मला घासाघीस करून विकत घेतलं. लिउ घराण्याची सून ती. फेरीबोटीच्या थांब्यापाशी बसून हमालांना पेल्यानं चहा विकायची. तिचा सात वर्षांचा मुलगा पाक-वान पेले विसळायचा. ती त्याला 'आ-वान' म्हणून हाक मारायची. पुढे सारं शहर त्याला लिउसाहेब म्हणू लागलं, तरी मी मनातल्या मनात आ-वानच म्हणत राहिले.

आईची शिस्त कडक. ती म्हणायची, "आ-वान, तोटी माणसाकडे करून चहादाणी ठेवायची नाही. तोटी रोखणं म्हणजे तोंडावर बोट रोखणं. कळलं का, माकडा?"

एकदा काय झालं, आ-वानच्या हातून एका हमालाचा पेला फुटला आणि यानं सरळ मासेवालीच्या पोराचं नाव घेतलं. त्या बिचाऱ्याला त्याच्या आईकडून दोन रट्टे बसले. संध्याकाळपर्यंत खरं काय ते कळलंच. आ-वानच्या आईनं त्याला मारलं नाही. मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "जा. त्याला चहा ओत. दोन्ही हातांनी. आणि काय केलंस ते सगळ्यांदेखत बोल." आमच्याकडे माफी अशीच मागतात. ज्याच्यावर अन्याय केला त्याला सर्वांसमोर चहा ओतायचा, चूक बोलून दाखवायची, आणि त्यानं पेला उचलून प्यायला तर मिटलं. आ-वान रडत रडत बोलला. मासेवालीच्या पोरानं चहा पिऊन वर तोंड वेडंवाकडं करून दाखवलं. मला वाटलं, हा धडा पोरगा जन्मभर विसरणार नाही.

पोरगा हुशार निघाला. इंग्रजी शिकला, गोऱ्यांच्या कंपनीत कारकून झाला, मग त्यांच्या आणि चिनी व्यापाऱ्यांच्या मधला मध्यस्थ. बघता बघता स्वतःची गोदामं झाली, कापडी बुटांचा कारखाना झाला. चाळिशीत तर गव्हर्नरच्या कायदेमंडळात चिनी लोकांच्या वतीनं बसणाऱ्या मोजक्या माणसांत त्याची नेमणूक झाली! गल्लीगल्लीत पाण्याचे नळ यावेत म्हणून तो तिथे भांडला, हेही मी सांगणार. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला एवढं लागलंच नसतं.

आई गेल्यावर मात्र मी फडताळात पडले. घरात कानवाले इंग्रजी कप आले. सात-आठ वर्षं मी धूळ खाल्ली, पोटात झुरळं नांदली. मग एक दिवस लिउसाहेब 'पांढरी लाट' क्लबचे अध्यक्ष झाले आणि त्यांना माझी आठवण आली.

हा पोहणाऱ्यांचा क्लब. किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात बांबूचा प्रचंड मांडव उभा राहायचा, निम्मा जमिनीवर, निम्मा पाण्यावर. वर पानांच्या चटयांचं छप्पर, आत कपडे बदलायच्या खोल्या, पाण्यात उतरायला शिड्या. उन्हाळा सरला की सगळं उतरवून ठेवायचं. गोऱ्यांच्या क्लबात आपल्या लोकांना पाय ठेवू देत नसत, म्हणून लिउसाहेबांनी हा क्लब नावारूपाला आणला. होड्यांवरची, चाळींतली पोरं तिथे फुकट पोहायला शिकायची. आधी दर वर्षी त्यातली चार-दोन बुडून मरत. साहेब आले की त्यांच्या आया हात जोडायच्या. आणि त्या मांडवाच्या मधोमध मी! अख्खा दिवस चहा. माझ्यासारखी भाग्यवान मीच, असं मला वाटायचं.

मांडव बांधायचा तुंग शेक. काटकुळा, अबोल माणूस. साठ फुटांवर अनवाणी चढायचा. एक खिळा नाही, एक दोर नाही. बांबूच्या सालीच्या पट्ट्या पाण्यात भिजवायच्या आणि गाठ मारायची. पट्टी वाळली की गाठ आवळत जाते. तुंगनं बांधलेला मांडव पडला, असं वीस वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं. त्याची बायको लान. तिला सगळे लानकाकू म्हणत. चहाचं खातं तिच्याकडे, आणि बोलण्याचं खातंही तिच्याचकडे. नवऱ्याच्या वाटचंही तीच बोलायची.

क्लबचे सेक्रेटरी पांगसाहेब मोठे टापटिपीचे. खिशाला दोन पेनं. एकदा त्यांनी मला ऐटीत उचललं आणि माझी वेताची कडी तटकन तुटली. तुंगनं तिथंच बसून बांबूच्या पट्टीची नवी कडी विणली आणि दोन्ही कानांना आपली ती मांडवाची गाठ मारली.

लानकाकू म्हणाली, "बघा! घरातलं स्टूल दोन वर्षं लंगडतंय, त्याला मुहूर्त नाही. क्लबच्या चहादाणीला मात्र लगेच हात मिळाला!"

"स्टुलावर तूच बसतेस," तुंग म्हणाला. एवढंच. दिवसभरात तो तेवढंच बोलायचा.

आता मूळ गोष्टीकडे येते. जपान्यांशी लढाई झाली, त्याच्या आधीची ती वर्षं. रविवारी क्लबच्या मोठ्या शर्यती होत्या आणि पहिल्यांदाच खुद्द गव्हर्नर येणार होते. साहेबांची कायदेमंडळातली मुदत वर्षभरात संपणार होती, पुन्हा नेमणूक व्हायची तर वरच्यांची मर्जी हवी. गुरुवारी दुपारी बंदरावर वादळाचा बावटा चढला. तुंग आत आला. साहेब चहा घेत होते, लानकाकू ओतत होती, कोपऱ्यात पांगसाहेब आमंत्रणाच्या कार्डांवर नावं घालत होते.

"साहेब, चटया उतरवतो," तुंग म्हणाला. "छप्पर काढलं की सांगाड्यातून वारा निघून जातो. चटया राहिल्या तर मांडवाचं शीड होतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"आणि परत चढवायला?"

"चार दिवस."

"मग रविवारी गव्हर्नरांना काय उघड्या बांबूंखाली बसवू? दर वर्षी बावटा चढतो, दर वर्षी वादळ दुसरीकडे वळतं. राहू दे चटया."

तुंग कधी नव्हे ते पुढे बोलला. "वादळाला आपण कार्ड पाठवलेलं नाही, साहेब. ते बिनबोलावता येतं."

लानकाकू फिसकन हसली. साहेबही हसले. उठून त्यांनी तुंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुंगदादा, काही झालं तर मी आहे ना!"

मित्रांनो, हे शब्द मी या कानांनी ऐकलेत. मला दोनच कान आहेत, तेही कडी अडकवायला, पण ऐकण्यात माझी चूक होत नाही.

शुक्रवारी सकाळी वादळ आलं. वळलं नाही की थांबलं नाही, सरळ आमच्याच अंगावर. समुद्र मांडवाच्या फळ्यांतून वर उसळू लागला. तुंगनं बायकोला आधी रस्त्यावर हाकललं. मग मला, चहा गरम राहावा म्हणून कापूस भरलेल्या माझ्या टोपलीत बसवलं, टोपली मधल्या खांबाला घट्ट बांधली, माझ्या कडीतूनही एक पट्टी ओवून गाठ मारली आणि कोयता दातांत धरून तो वर चढला. निदान चटया कापून टाकाव्यात, सांगाडा वाचेल, असा त्याचा हिशेब. चार चटया कापल्या असतील नसतील, एवढ्यात अख्खं छप्पर फुगलं आणि मांडव जमिनीतून उपटला गेला. बांबू मोडण्याचा तो आवाज! पुढचं मला नीट आठवत नाही.

शनिवारी मी वाळूवर होते. मधला खांब दोन ठिकाणी मोडून किनाऱ्याला लागला होता आणि मी टोपलीसकट त्याला लटकलेली, जशीच्या तशी. झाकण तेवढं गेलं होतं. लानकाकूनं मला उराशी धरलं आणि हंबरडा फोडला. माझ्यासाठी नव्हे. तुंग वाचला होता, पण उजव्या पायाचा गुडघ्यापासून चुरा झाला होता.

आम्ही सगळे साहेबांची वाट बघत होतो. "मी आहे ना" म्हणालेला माणूस, येणारच. पाच दिवस झाले, आठ झाले. नवव्या दिवशी शेजारच्या न्हाव्यानं पेपर वाचून दाखवला. साहेबांनी कायदेमंडळात निवेदन केलं होतं. क्लबच्या मांडवाच्या गाठी सैल होत्या, बांधणाऱ्या मजुराच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला, पुढच्या वर्षी चोख माणसं नेमली जातील.

"परत वाच," लानकाकू म्हणाली.

न्हाव्यानं परत वाचलं.

"अगं बाई!" ती मटकन खालीच बसली. "गाठी सैल? यांच्या गाठी? अहो, खांद्यावर हात ठेवून बोलले होते ते! मी होते ना तिथे, पेला भरत होते!"

तुंग भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी काय सांगू माझं? ज्या पोराला मी पेले विसळताना पाहिलं, त्यानं पुन्हा मासेवालीच्या पोराचं नाव घेतलं होतं! मला तडा गेला नाही याचंच मला नवल वाटतं. वीस वर्षांत कमावलेलं नाव एका वाक्यात गेलं. देवळाच्या जत्रेत नाटकाचा मांडव दर वर्षी तुंगचे गडी बांधायचे, ते काम दुसऱ्याकडे गेलं. 'सैल गाठीचा तुंग' म्हणून रस्त्यावरची पोरं लानकाकूच्या मागे ओरडू लागली.

अशातच एक दिवस मांडववाल्यांचे म्होरके कुंगआजोबा काठी टेकत घरी आले. बांबूवाल्यांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी पेपर वाचला होता आणि त्यांचा चेहरा काही बरा नव्हता.

"तुंग, इतकी वर्षं तुला आपल्यातला मानलं. आता खरं काय ते सांग," ते म्हणाले.

तुंगनं नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. लानकाकूनं मला पुढ्यात आणलं आणि खांबाचा तो मोडका तुकडाही. तिनं तो सरपणाला लावला नव्हता. आजोबांनी माझ्या टोपलीची गाठ ओढली. खांबाच्या जोडाची गाठ ओढली. मग नखानं, मग काठीच्या टोकानं. गाठ हलायला तयार नाही. बांबू फुटून त्याच्या चिंध्या झालेल्या, आणि गाठी होत्या तिथेच!

"बांबू मोडला," आजोबा हळूच म्हणाले. "गाठ सुटली नाही. गाठ सुटलीच नाही रे!" त्यांचे डोळे भरून आले. "लाज वाटते मला, तुला विचारलं म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून बंदरात बातमी फिरली. 'पांढरी लाट' क्लबसाठी एकही मांडववाला एकही बांबू उभा करणार नाही, लिउसाहेब तुंगला चहा ओतेपर्यंत.

पांगसाहेब धावत आले. हातात भाजलेलं बदक आणि पैशांचं एक लाल पाकीट. लानकाकूनं दोन्ही परत केलं. बदकाकडे तिनं एकदा वळून पाहिलं, हे मी लपवणार नाही.

"पैशानं पाय बांधता येईल, नाव कशानं बांधू?" ती म्हणाली. "चहा ओतायला सांगा साहेबांना."

"अहो, काय बोलताय!" पांगसाहेबांचे डोळे कपाळात गेले. "कायदेमंडळाचे सभासद! ते तुम्हाला चहा ओतणार?"

"फार कढत नको म्हणावं. कोमट चालेल."

"काकू, थट्टा नको. त्यांची नेमणूक अडेल!"

"आणि आमचा पाय?"

पांगसाहेब बदक घेऊन गेले. तेही तिथेच होते ना त्या गुरुवारी, कार्डं लिहीत! लानकाकूनं त्यांना हे तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "मी लिहीत होतो, माझं लक्ष नव्हतं."

हिवाळा सरला. इतर क्लबांचे मांडव उभे राहू लागले. आमच्या किनाऱ्यावर मात्र नुसते चिखलाचे खड्डे. पोरांना घेऊन आया यायच्या, रिकामी जागा बघायच्या आणि परत जायच्या. त्यातली दोन पोरं एकटीच पाण्यात उतरली. एकाला होडीवाल्यानं बाहेर काढलं, दुसरं सापडलं नाही. ही बातमी ऐकून म्हणे साहेब दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी निरोप आला, येतो म्हणून.

ठरलेल्या सकाळी किनाऱ्यावर गोल टेबल मांडलं. तुंग कुबड्या घेऊन बसला, शेजारी कुंगआजोबा, भोवती पन्नासेक मांडववाले आणि पोरांच्या आया. लानकाकूनं नवं झाकण घातलेली मी मधोमध. साहेब मोटारीतून उतरले. अंगात लांब करडा झगा, बरोबर पांगसाहेब आणि दोन पेपरवाले. त्यांनी मला पाहिलं आणि क्षणभर पाऊल थांबलं. मी वादळात गेले असंच त्यांना वाटत होतं.

मग त्यांनी मला उचललं आणि सुरेख हसून चहा ओतायला सुरुवात केली. आधी तुंगला, मग आजोबांना, मग एकेक करत टेबलावरच्या सगळ्यांना, पेपरवाल्यांनासुद्धा. एका हातानं. तोंडानं चालूच, "घ्या, घ्या, अनमान करू नका, हवा छान आहे आज."

मी थंडगार पडले. पोटात कढत चहा असून थंडगार पडले! अरे, ही माफी नव्हे! हा तर पाहुणचार! यजमान सगळ्यांना चहा देतो, त्यात कसली आली चूक? पेपरवाले दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानायला लागले. इतरही गोंधळून टकटक करू लागले. तुंगनं एकदा जरी बोट टेकवलं असतं, तर संपलं होतं. आभार मानले म्हणजे तक्रार उरली नाही.

तुंगनं हात मांडीवर ठेवला. पेल्याकडे पाहिलंही नाही. टकटक थांबली. चहा निवत चालला.

तेव्हा लानकाकू उठली. तिनं साहेबांच्या पुढ्यातून मला उचललं आणि परत ठेवलं ते तोटी थेट साहेबांच्या छातीवर रोखून. मित्रांनो, माझ्या उभ्या जन्मात असं कोणी केलं नव्हतं! पांगसाहेब "अहो, अहो" करत पुढे झाले. मला तर धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. ज्या बाईनं हा नियम शिकवला, तिच्याच लेकावर माझी तोटी!

कुंगआजोबा शांतपणे म्हणाले, "साहेब, त्या कडीला तुंगची गाठ आहे. त्या दिवशी तीही मांडवात होती. ओढून बघा, सैल आहे का?"

साहेबांनी हात पुढे केला. त्यांचा अंगठा गाठीवर आला. त्यांनी ओढली. मग दात आवळून ओढली. मला तो हात ओळखीचा होता, पेले विसळून सुरकुतणारा हात.

त्यांनी मला हळूच वळवलं आणि माझी तोटी समुद्राकडे केली. तुंगचा निवलेला चहा वाळूत ओतला. मग दोन्ही हातांनी मला धरून नवा चहा भरला, पेला दोन्ही हातांत उचलला आणि तुंगसमोर वाकून उभे राहिले.

"तुंगदादा, मी चुकलो." ते पुटपुटले. आजोबा म्हणाले, "मागच्यांना ऐकू येत नाही." साहेब मोठ्यानं बोलले, "बावटा चढला होता. हे चटया उतरवू म्हणाले. मी नको म्हटलं. गाठी पक्क्या होत्या. खोटं मी बोललो."

तुंगनं पेला घेतला. पुष्कळ वेळ हातात धरून बसला. मग एका घोटात प्यायला.

"कडू झालाय, साहेब," तो म्हणाला. "फार वेळ मुरला."

आणि काय सांगू, साहेब ढसाढसा रडले! आया बाहीनं डोळे पुसत होत्या. मला वाटलं, आई, बघ गं, तुझा आ-वान परत आला. नऊ दिवसांत मांडव उभा राहिला. तुंग खाली खुर्चीवर बसून गड्यांना सांगायचा, आणि दर गाठ स्वतः ओढून बघायचा.

इथेच संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

महिन्याभरानं नव्या मांडवात कमिटीची बैठक झाली. टेबलावर मी होतेच. पांगसाहेबांनी मागच्या महिन्याचा वृत्तान्त वाचला. "अध्यक्षांनी मोठ्या मनानं मांडव बांधणाऱ्या मजुरांना स्वहस्ते चहा दिला. गतवर्षीच्या अपघाताबाबतचे गैरसमज दूर झाले."

गैरसमज? कुणाचा गैरसमज?

पांगसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "दुरुस्ती सुचवायची असेल तर आताच, साहेब. पुढच्या आठवड्यात नेमणुकीची यादी निघतेय. पेपरवाल्यांनीही एवढंच छापलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराबाहेर, जिथे तुंग पट्ट्या भिजवत बसला होता. पांगसाहेबांनी दोनपैकी एक पेन पुढे केलं. साहेबांनी सही केली. आणि मग, कुणाला दिसलं नसेल, मला दिसलं, त्यांनी माझी तोटी भिंतीकडे वळवून ठेवली.

किनाऱ्यावर पन्नास माणसांसमोर खरं बोलणारा माणूस पाच माणसांच्या टेबलावर खोट्याखाली सही करतो? रडला होता ना तो? खरंच रडला होता! तेही खरं आणि हेही खरं. मला हे कोडं आजतागायत उलगडलेलं नाही.

साहेबांची नेमणूक झाली. पुढे लढाई आली, जपानी आले, साहेब मकावला गेले आणि तिथेच वारले. तुंग लढाईच्या आदल्या उन्हाळ्यापर्यंत मांडव बांधत होता. त्या कागदावर काय लिहिलंय हे त्याला कधी कळलं नाही. कोण सांगणार? मी? किनाऱ्यावर ज्यांनी ऐकलं ते एकेक करून गेले. लढाईत लानकाकूनं मला घरी जपलं; म्हातारपणी मला क्लबात आणून देताना ती म्हणाली, "ही तुमची वस्तू. सांभाळा. हिची कडी माझ्या माणसानं बांधलीय." ज्यानं मला घेतलं त्यानं मान डोलावली आणि मला माळ्यावर टाकलं.

क्लबच्या पन्नासाव्या वर्षाच्या समारंभात कोणीतरी मला खाली काढलं, जुने कागद चाळले आणि पाटी लिहिली. शाळेच्या बाईंनी वाचली ती अशी: "अध्यक्ष लिउ पाक-वान यांची चहादाणी. उदार मनाचे अध्यक्ष हिच्यातून मजुरांना स्वहस्ते चहा देत. कडी बांबूची. कारागीर अज्ञात."

अज्ञात!

एका मुलीनं काचेला नाक लावून विचारलं, "बाई, ही गाठ कोणी मारली?"

"लिहिलंय ना, अज्ञात. चला पुढे," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी जुनी झाले. मला पुसलं नाहीत तरी चालेल, धुळीची मला सवय आहे. पण वस्तू सांभाळता तशी ती घडवणाऱ्यांची नावंही सांभाळा, एवढं माझं ऐका. माझ्या पाटीवरचा तो एक शब्द खोडा आणि तिथे तुंग शेक असं लिहा. आणि एका चहादाणीच्या सांगण्यावर विश्वास बसत नसेल, तर कपाट उघडा, दोन बोटं आत घाला आणि ती गाठ ओढून बघा.